शांगरेईचं काचोन

रविवार, दुपार

प्रिय चोनमिला,

तुझे तिन्ही निरोप पोचले. पहिला सुमोवाल्याकडून, दुसरा पास्टरबाईंच्या फोनवर, आणि तिसरा तू उखरूलच्या भर बाजारात माझ्या शेजारणीच्या तोंडी दिलास तो: "वहिनीला म्हणावं, भाच्याचं लग्न आहे, कुणाची मयत नाही. तोंड लपवून बसायला झालंय काय?" शेजारीण गुणाची बाई. तिने निरोप शब्दाला शब्द सांगितला, वर तुझे हातवारेही करून दाखवले. मी हसले. हसावंच लागलं, कारण तुझा दादा आत चुलीपाशी बसला होता आणि डोळे गेल्यापासून त्याचे कान असे झालेत, की मी परसात सुस्कारा टाकला तरी तो आतून विचारतो, काय गं, काय झालं? म्हणून फोन केला नाही. पेनाचा आवाज मात्र त्याला कळत नाही, एवढी एकच गोष्ट आता त्याच्यापासून लपवता येते. आज डीकन मंडळी त्याला हाताला धरून चर्चमध्ये घेऊन गेली आहेत. आधी प्रार्थना, मग चहा, म्हणजे दोन तास माझे.

तुझे प्रश्न दोन. शांगरेईच्या लग्नात खांद्यावर घालायचं काचोन कधी पाठवतेस, आणि दादा लग्नाच्या किती दिवस आधी येणार? सरळ उत्तर देते. काचोन नाही आणि दादा येणार नाही. लिहून टाकलं. आता तू कागद चुरगाळून चुलीत घालशील. मी या घरात सून म्हणून येण्याच्या आधीपासून तुला ओळखते, तू अशीच आहेस. पण पुढचं वाच आणि मग घाल.

काचोन झालंच नव्हतं असं नाही. नाताळच्या आधी आठ दिवस झालं होतं. लाल लोकर मी इंफाळहून मागवली होती, कारण इथला बाजारचा लाल पहिल्या धुण्यात रडतो हे तुला माहीत आहे. तीन महिने कमरेला पट्टा बांधून, पाय फळीला टेकवून बसले. पाठीचे मणके एकेक करून हिशोब मागत होते, तरी बसले. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून घातल्या. शालीचे दोन्ही पाट विणून झाले तेव्हा मधली शिवण मी भर उजेडात, दारात बसून घातली, कारण खरी परीक्षा तिथेच असते. आणि पट्टीला पट्टी अशी जुळली की शिवण शोधून काढावी लागावी. तुला आठवतं, याच भिंतीला आपले दोघींचे माग शेजारी शेजारी बांधलेले असायचे आणि तुझी पट्टी कधीही जुळायची नाही? आई म्हणायच्या, "हिच्या नवऱ्याच्या पाठीवर रस्ता वाकडाच जाणार." माझी जुळली म्हणून तू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. मी तेव्हा खूश झाले होते. देवाने त्या खुशीची आठवण ठेवली असावी.

विणताना मला दोन्ही पोरं आठवायची. माझा माचिहान आणि तुझा शांगरेई, अकरा दिवसांच्या अंतराने जन्मलेले, तेच कपाळ, तेच लांब कान, चालताना डावा खांदा तसाच खाली. दोघेही तुझ्या दादाच्या वळणावर गेलेत, असं गाव म्हणायचं, आणि तो मिशी नसताना मिशीला पीळ द्यायचा. मागून बघितलं तर मी आई असूनही फसायचे. एकदा शाळा बुडवून ओढ्यावर बसला म्हणून मी माचिहानच्या पाठीत धपाटा घातला तर तो शांगरेई निघाला. म्हणाला, "मामी, माझ्या आईचा मार बरा. तुझा हात माग ठोकून ठोकून लोखंडी झालाय." मी त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि तो तोंडात कोंबत त्याने माचिहान कुठे लपलाय तेही सांगून टाकलं. इतका विकाऊ पोरगा. आता तो मास्तर झालाय आणि त्याचं लग्न आहे.

माचिहानचं मी लिहिते ते तुला माहीत नाही म्हणून नाही. हे सगळं ओळीने कुणालातरी एकदा सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही. तो प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात लागला तेव्हा तू स्टँडवर आली होतीस. तू त्याच्या खिशात हाथेई मिरचीची पुडी कोंबलीस आणि म्हणालीस, त्या गोऱ्या लोकांच्या सूपात घाल, त्यांनाही कळू दे जिवंत असणं काय असतं. तुझ्या दादाने त्याला त्याचं काचोन न्यायलाच लावलं. समुद्रावर थंडी असते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आपल्यातल्या कुणी समुद्र पाहिलाय, चोनमिला? मग दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात जहाजाच्या कंपनीतून एका बाईचा फोन आला. हिंदीत बोलत होती, आवाज फार सभ्य. कामाची पाळी संपल्यावर तो दिसला नाही म्हणाली, चार दिवस शोधलं म्हणाली. नंतर खोकं आलं. त्यात दोन गणवेश, बूट, बंद पडलेला फोन आणि तुझी मिरचीची पुडी, न फोडलेली. काचोन नव्हतं. म्हणजे ते बहुतेक त्याच्या अंगावर होतं. मी या एका गोष्टीला धरून कितीतरी दिवस काढलेत की त्याला निदान थंडी वाजली नसेल. वेडी आहे मी, कबूल.

पास्टरांनी प्रार्थनासभा घेतली, चर्चच्या मागे नावाचा दगड बसवला. तू आलीस, सगळं गणगोत आलं. तुझा दादा तेवढा आला नाही. "ज्याला पुरलं नाही त्याच्यावर कसली माती लोटताय?" म्हणाला आणि दार लावून बसला. तू त्या दिवशी बाहेरून दार बडवलंस तेही मला आठवतं. पण तू संध्याकाळी तुझ्या घरी गेलीस, आणि मी इथे राहिले. तेव्हापासून आमच्याकडे तीन ताटं वाढली जायची. तिसऱ्या ताटात भात, डुकराचं मटण असेल तर त्यातला चरबीचा तुकडा, तोच त्याला आवडायचा. चार वाजता शेवटची सुमो वळणावर हॉर्न देते ना, ती गेली की तुझा दादा विचारायचा, "गाडी गेली का?" मी म्हणायचे, गेली. "मग उद्याच्या गाडीने येईल." मग तो भात मी डुकरांना घालायचे. हे दोन वर्षं. याच दोन वर्षांत साखरेने त्याचे डोळे नेले आणि मला मेलीला आधी वाटलं, बरं झालं, निदान रिकामं ताट तरी दिसणार नाही. पण तो हात फिरवून बघायचा, वाढलंय की नाही.

त्याचं वाजवायचं तिंगतेइला त्याने खोकं आलं त्या दिवशी भिंतीला टांगलं ते टांगलं. ज्याच्या एका तारेवर सगळा गाव लग्नात रडायचा त्या भोपळ्याला उंदरांनी एका बाजूने कुरतडलं. मी सांगितलं तर म्हणाला, "खाऊ दे, त्यांनाही पोट आहे." मला राग यायचा. तुला खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार राग यायचा. मलाही मुलगा गेला होता. पण घरात एकालाच वेडं होता येतं, आणि तो मान त्याने आधीच घेतला होता. गेल्या पावसाळ्यात एकदा मी ताट आपटलं आणि ओरडले, मेलाय तो, मेलाय, समुद्राने खाल्लाय! शेजारची कोंबडी उडाली इतकी ओरडले. तो चिडला नाही. आपटलेलं ताट चाचपून सरळ केलं आणि म्हणाला, "मग मला त्याची पाठवणी का नाही करता आली?"

एवढंच बोलला. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आईंची जुनी गोष्ट फिरायला लागली. त्या गोष्टीची सुरुवात झाली की तू कान बंद करून पळायचीस, म्हणून तुला ती अर्धीच ठाऊक आहे. आई लहान होत्या, घराने अजून बाप्तिस्मा घेतला नव्हता, तेव्हाची. वर्षभरात जे गेले ते थिसामच्या सणापर्यंत घरातच असतात असं मानायचे, त्यांचं जेवण वाढायचे. मग जानेवारीत, शेतं रिकामी झाल्यावर, मेलेल्यासारखा दिसणारा कुणीतरी बोलवायचे. त्याच्या अंगावर मेलेल्याचे कपडे घालायचे, त्याला जेवू घालायचे, मांडीवर घेऊन रडायचे. तो मेलेला मानलेला, म्हणून त्याने बोलायचं नाही. दिवस मावळताना हातात चूड देऊन त्याला वेशीबाहेर पाठवायचं, त्याने मागे बघायचं नाही, आणि अंगावर घातलेलं पुन्हा गावात आणायचं नाही. आईंना त्यांच्या थोरल्या भावाची पाठवणी आठवत होती. सांगताना म्हणायच्या, "तो आमचा भाऊ नव्हता हे मला माहीत होतं. पण गेला तेव्हा माझा भाऊच गेला."

आता तुला अंदाज आला असेल. थांब, शिव्या आवर आणि वाच.

नोव्हेंबरात दादाच्या गोळ्या आणायला मी उखरूलला गेले तेव्हा शांगरेईला शाळेबाहेर गाठलं. चहाच्या टपरीवर बसवून त्याला विचारलं. पोरगा आधी हसला. म्हणाला, "मामी, लग्नाआधीच मला मारतेस होय?" मग माझं तोंड बघितलं आणि हसायचा थांबला. मी त्याच्यापासून काही लपवलं नाही. जुने लोक म्हणायचे की मेलेल्याच्या जागी उभा राहणारा माणूस फार दिवस काढत नाही, तेही सांगितलं. आपण ते मानत नाही, पण सांगितलं. त्याने चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि म्हणाला, "मामाने मला सायकल शिकवली. आईला मात्र कळू देऊ नकोस, ती पास्टरला घेऊन येईल आणि तुला दोघं मिळून झोडपतील." तेव्हा हे तुझ्यापासून लपवायचं त्याने ठरवलं, पण होकाराची मान मी हलवली. तुझा एकुलता एक मुलगा, आणि मी तुला न विचारता त्याला मागून घेतला. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि तेच बरोबर होतं. म्हणूनच विचारलं नाही.

जानेवारीत आमच्या तरुण मंडळाने चर्चच्या मैदानावर जुन्या चालीरीतींचा कार्यक्रम ठेवला होता. माइक, खुर्च्या, पाहुणे, सगळा थाट. पोरींनी आज्यांची काशानं पेटीतून काढून नेसली होती, वर लोकरी स्वेटर घातले होते, कारण थंडीने दात वाजत होते. त्यात थिसामचंही सोंग होतं. सोमवारी फळ्यावर यादी लागली तेव्हाच मी दिवस धरला. सगळा गाव मैदानावर असणार, आमची आळी रिकामी असणार, आणि मैदानावर ढोल वाजला तर तो आमच्या अंगणातही ऐकू येणार. देवासमोर चोरी करायची तर एवढी तयारी हवीच. दुपारी शांगरेई मागच्या पायवाटेने आला. माचिहानचं काचोन समुद्राने नेलं होतं. म्हणून मी पेटी उघडली आणि शांगरेईच्या लग्नाचं काचोन काढलं. घडी मोडताना माझ्या हातांनी नाही म्हटलं नाही, चोनमिला. ते मोडेपर्यंत मला कळलंही नाही की मी कुणाच्या खांद्यावर काय टाकते आहे.

तुझ्या दादाला मी काहीच समजावलं नाही. एवढंच म्हटलं, माचिहान आलाय, त्याला जायचंय, बोलणार नाही. तो मैदानावरचा ढोल ऐकत, मांडीवर ताल धरून बसला होता. त्याचे हात थांबले. पोरगा त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला. दादाने आधी काचोन चाचपलं, मधली शिवण बोटांनी शोधली, माझा हात ओळखला. मग चेहरा. कपाळ, कान, हनुवटी. दोन्ही हातांत चेहरा धरून तो इतका वेळ बसला की चुलीवरचं मटण खाली लागलं. डोळे गेल्यापासून त्याने शांगरेईच्या तोंडाला कधी हात लावला नव्हता, म्हणून ते तोंड त्याच्यासाठी एकाचंच होतं. "बारीक झालास," म्हणाला. "जेव आधी." पोरगा जेवला. खाली मान घालून, रडत, चरबीचा तुकडासुद्धा, आणि तुला माहीतच आहे की शांगरेईला चरबी चालत नाही. दादाने त्याला काय काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते माचिहानसाठी होतं. मी दारात उभी राहून ऐकलं आणि मला पहिल्यांदा कळलं की तो दोन वर्षं मुलाची नाही, हे बोलायची वाट बघत होता.

दिवस मावळायच्या आत मी पाइनच्या लाकडाची चूड पेटवली. आम्ही दोघं त्याला आळीच्या टोकापर्यंत घेऊन गेलो. दादाने त्याच्या खांद्यावर काचोन नीट सरकवलं, असं आपण घरून निघणाऱ्या कुणाचंही सरकवतो, आणि म्हणाला, "जा. उशीर झालाय तुला." तो गेला. दादाने विचारलं, "वळला का?" मी म्हटलं, नाही. खरोखर नाही वळला, पण वेशीच्या दगडापाशी त्याचे पाय थांबले होते आणि मी, मी त्याची मामी, मनात म्हणत होते, वळ, वळ रे, एकदा तोंड दाखव. मी पाठवायला आले नव्हते. मी ठेवून घ्यायला आले होते. डाव्या बाजूने खाली असलेला तो खांदा उतरणीवरून दिसेनासा झाला तेव्हा माझ्यासाठीसुद्धा तो शांगरेई नव्हता. काचोन त्याने मी सांगितल्याप्रमाणे वेशीबाहेर पुरलं आणि नुसत्या शर्टावर, त्या थंडीत, चालत मोठ्या रस्त्याला लागला. नंतर आठवडाभर त्याला ताप होता म्हणे. तू पास्टरबाईंना म्हणालीस की शाळेतल्या पोरांकडून लागण झाली. ती लागण माझ्या घरची होती.

आता पुढचं. घरी येऊन तुझा दादा झोपला, दोन वर्षांत पहिल्यांदा सलग झोपला. सकाळी म्हणाला, "दोनच ताटं वाढ." चार वाजता सुमोचा हॉर्न झाला, त्याने विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तिंगतेइला उतरवायला लावलं. कुरतडलेल्या जागी मी कापड चिकटवलं, त्याने घोड्याच्या शेपटीचे नवे केस मागवून गज बांधला आणि वाजवायला बसला. सूर घोगरा लागतो, पण लागतो. आल्यागेल्याला सांगतो, "माझा मुलगा येऊन गेला. जेवला. मागे वळला नाही, शहाणा माझा." लोक माझ्याकडे बघतात, मी चहा ओतते. इंफाळच्या डॉक्टरांनी सांगितलंय की मूत्रपिंडं आता थोडेच महिने ओढतील. तुला हे मी फोनवर सांगितलं नाही, कारण तो ऐकत असतो, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत आहे असं आम्ही एकमेकांना दाखवत नाही.

नवं काचोन विणायला मी तीनदा बसले. तिन्ही वेळा पट्टी जुळली नाही. चार बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, तुझ्यापेक्षा वाईट. तिसऱ्यांदा मी कात्रीने ताणा कापला आणि माग भिंतीवरून काढून ठेवला. तू उखरूलच्या दुकानातून विकत घे. लोक नावं ठेवतील, मामीच्या हातचं नाही म्हणतील, माझ्यावर ढकल. म्हण, वहिनीला जमलं नाही. खरंच आहे ते.

पण काचोन विकत मिळेल, मामा मिळत नाही. आपल्या घराण्यात भाच्याच्या खांद्यावर काचोन मामाच घालतो, त्याचे खांदे धरतो, कपाळावर हात ठेवतो. आणि तुझ्या दादाचे हातच आता त्याचे डोळे आहेत. त्याने शांगरेईच्या खांद्याला हात लावला की त्याच क्षणी त्याला कळेल, जानेवारीत आपण कुणाला जेवू घातलं, कुणाशी बोललो, कुणाला पाठवलं ते. मग माझा मुलगा पुन्हा कुठेच गेलेला नसेल. पुन्हा तीन ताटं, पुन्हा चारची गाडी, आणि या वेळी वाट बघायला त्याच्याकडे दिवसही नाहीत. मी त्याला त्या वाटेवर मरू देणार नाही. म्हणून शांगरेई आता आमच्या घरी येणार नाही, दादा आहे तोवर नाही. नव्या सुनेला घेऊन मामाच्या पाया पडायलाही नाही. हे मी त्याला चहाच्या टपरीवर सांगितलं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एक मुलगा घालवण्यासाठी मी दुसरा वापरला आणि दोघेही गेले, असा माझा शहाणपणा. शांगरेईला हे माहीत आहे आता. गेल्या महिन्यात तो वेशीपर्यंत येऊन फळांची पिशवी दगडावर ठेवून गेला, आत आला नाही. तू म्हणत होतीस ना की मामा-भाच्याचं काहीतरी बिनसलंय? काही बिनसलं नाही.

चर्चची घंटा झाली. चहाला पाव तास लागेल, तेवढ्यात आटपते. हे सगळं तुला सांगितलं ते क्षमा मागायला नाही. ती तू करणार नाहीस आणि मी मागणार नाही. तुला एक काम सांगायचं आहे. तुझ्या दादाला लग्नाला यायचंय, चोनमिला. परवापर्यंत रोज विचारत होता, किती दिवस राहिले, माझं हाओरा काचोन उन्हात घातलंस का, शांगरेई उंचीला माझ्याएवढा झालाय का. तिंगतेइलावर रोज तो एकच चाल घोटतो, भाच्याच्या लग्नात वाजवायची म्हणून. परवा मी त्याला सांगितलं की मुलीच्या घरी मयत झाली, लग्न पुढच्या वर्षावर गेलं. त्याने गज खाली ठेवला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी मी असेन का गं?" मी म्हटलं, असशील की. तारीख त्याला तोंडपाठ आहे, आणि ठरल्या दिवशी तो तुला फोन करणार, बहिणीला वाईट वाटत असेल म्हणून तुझी समजूत घालायला करणार. फोन उचल. घरात उचलू नकोस, मांडवात तर नाहीच. गोठ्याच्या पलीकडे, शेताच्या बांधापर्यंत चालत जा आणि मग बोल. म्हण, हो दादा, पुढच्या वर्षी. आणि तो फोन ठेवेपर्यंत तेवढं बघ, मागे ढोल वाजता कामा नये.

तुझीच,
शिमरेइला